डोळ्याला एक, संगणकाला दोन : वेब डेव्हलपरांचे प्रश्न

या वेळी टपालात आलेले बरेचसे प्रश्न फिरून एकाच ठिकाणी येत होते. साइट इंग्रजीत नीट चालते, मराठी मजकूर घातला की कुठेतरी अडते. म्हणून हा अंक सगळा त्यालाच दिला आहे. मी सांगलीत बसून अठरा वर्षं मराठी साइट बांधते. दैनिक, ग्रंथालय, पतसंस्था, दोन साप्ताहिकं अशी कामं झाली. खाली सांगितलेलं सगळं माझ्या रोजच्या वापरातलं आहे. कोडच्या ओळी मी शेजारी बसून सांगावं तशा शब्दांत सांगते आहे. तुम्ही त्या नेहमीसारख्या रोमन लिपीत टाइप करा.

आमच्या बातम्यांच्या साइटवर ‘कऱ्हाड’ शोधलं की १४ बातम्या येतात. संपादकांनी हाताने मोजल्या तेव्हा ३१ भरल्या. डेटाबेस युटीएफ-८ एमबी-४ आहे. इंडेक्स दोनदा नव्याने बांधला. चूक सापडत नाही.
*– कऱ्हाडहून एक वाचक*

इंडेक्सला दोष देऊ नका, तो बरोबर काम करतो आहे. तुमच्या डेटाबेसमध्ये दोन कऱ्हाड आहेत आणि ते दिसायला अगदी सारखे आहेत.

आधी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. न सापडणारी बातमी ब्राउझरमध्ये उघडा, शीर्षकावर उजवं बटण दाबून इन्स्पेक्ट करा, म्हणजे तो एलिमेंट निवडला जाईल. मग कन्सोलमध्ये जा. तिथे ‘डॉलर-शून्य’ म्हणजे निवडलेला एलिमेंट. त्याचा टेक्स्टकंटेंट चौकोनी कंसात तीन टिंबं देऊन पसरा, मॅप लावा आणि प्रत्येक अक्षराचा कोडपॉइंट-ॲट-शून्य काढून टू-स्ट्रिंग-१६ करा. ओळ एकच आहे, पण मराठी साइटवर काम करणाऱ्याने ती पाठ करावी इतकी ती उपयोगी पडते. मी तिला ‘एक्स-रे’ म्हणते.

यातले आकडे म्हणजे युनिकोडमधले, जगभरच्या लिप्यांच्या सामायिक यादीतले, वर्णांचे क्रमांक, सोळाच्या पायाने लिहिलेले. एका कऱ्हाडचा एक्स-रे असा येईल: ९१५, ९३१, ९४डी, ९३९, ९३ई, ९२१. दुसऱ्याचा असा: ९१५, ९३०, ९४डी, २००डी, ९३९, ९३ई, ९२१. पहिल्यात ९३१ म्हणजे खास ‘ऱ’ आहे. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून इंग्रजी ‘जे’ची कळ दाबली की तो येतो. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि मग २००डी आहे. हा २००डी म्हणजे झेडडब्ल्यूजे, डोळ्याला न दिसणारा सांधा. काही फोनेटिक कीबोर्ड त्याच्या मदतीने ‘ऱ्ह’ काढतात. तुमचा एक वार्ताहर इनस्क्रिप्टवाला असेल आणि दुसरा फोनवर लिहीत असेल, की झालं.

युनिकोडची नेहमीची नॉर्मलाइझ-एनएफसी, म्हणजे फुटलेले वर्ण जोडून एकसंध करणारी पायरी, ही दोन रूपं एक करत नाही. अनेक जण तिथेच थांबतात. शोधासाठी एक वेगळं फंक्शन लिहावं लागतं आणि त्यात पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

पहिली पायरी एनएफसी. ती वगळू नका. एनएफडीतून, म्हणजे वर्ण फोडणाऱ्या उलट पायरीतून, गेलेल्या मजकुरात ‘ऱ’ फुटून ‘र’ आणि नुक्ता झालेला असतो, तो इथे परत जुळतो. दुसरी पायरी: र, हलन्त आणि २००डी हे त्रिकूट दिसेल तिथे ‘ऱ’ आणि हलन्त ठेवा. तिसरी: ‘अ’ आणि चंद्र वेगवेगळे टाइप झाले असतील, मध्ये २००डी असो वा नसो, तर तिथे एकसंध ‘ॲ’ ठेवा. मराठी मजकुरात ‘ॲप’ या एकाच शब्दाची तीन रूपं मला सापडली आहेत. हे सगळं झालं की चौथ्या पायरीला उरलेले २००सी (अक्षरं जुळू न देणारं अदृश्य चिन्ह) आणि २००डी काढून टाका.

चौथी पायरी आधी केली तर मात्र सांधा निघून ‘र्‍ह’चा ‘र्ह’ होतो, म्हणजे रफार चढतो. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. डोंगरातल्या दऱ्या शोधणाऱ्याला समुद्राच्या बातम्या मिळतात. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांचं तर शाळेपासून आपल्याला माहीत आहे.

हे फंक्शन मूळ मजकुरावर चालवू नका. लेखकाने जे लिहिलं ते तसंच ठेवा. शेजारी ‘शोध’ नावाचा आणखी एक कॉलम घ्या, त्यात गाळलेली प्रत ठेवा आणि वाचकाने शोधपेटीत टाइप केलेला शब्दही त्याच फंक्शनमधून काढून मगच विचारा. दोन्ही बाजूंना एकच चाळणी हवी. १४ चे ३१ होतील.

नोंदणीच्या फॉर्ममध्ये मराठी नावं चालावीत म्हणून मी ‘ए ते झेड’ काढून ‘स्लॅश-पी, महिरपी कंसात एल’ घातलं. आता कमल आणि शरद यांची नोंदणी होते, सीता आणि रोहिणी यांची होत नाही. हे काय गौडबंगाल आहे?
*– नाशिकहून, एका सहकारी संस्थेचं काम करणारी वाचक*

तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. ‘कमल’मध्ये एकही काना-मात्रा नाही, ‘शरद’मध्येही नाही. ‘एल’ म्हणजे लेटर, आणि युनिकोडच्या लेखी लेटर म्हणजे फक्त क, म, ल, अ, इ असे मूळ वर्ण. काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे ‘एम’ म्हणजे मार्क या वर्गात जातात. तुमचा नियम मार्क नाकारतो, म्हणून ‘सीता’ची वेलांटी आली की फॉर्म तांबडा होतो.

चौकोनी कंसात पी-एल, पी-एम, २००सी, २००डी, जागा, टिंब, संयोगचिन्ह आणि अपॉस्ट्रॉफी घ्या. शेवटी ‘यू’ हा फ्लॅग विसरू नका. तो नसेल तर जावास्क्रिप्टला स्लॅश-पी कळतच नाही.

पण मला विचाराल तर नावाची तपासणी करूच नका. रिकामं नाही ना आणि अवाजवी लांब नाही ना, एवढं पुरे. माझ्या आईचं नाव एका फॉर्मने ‘अवैध’ म्हणून तीनदा परत पाठवलं होतं. तिने चौथ्यांदा भरलंच नाही, पदर सावरत उठली आणि म्हणाली, “राहू दे, माझं नाव त्यांना चालत नाही.” फॉर्म लिहिणाऱ्याच्या एका ओळीची चूक होती ती. तिच्या चेहऱ्यावर मात्र चूक तिचीच असल्यासारखं दिसत होतं. तेव्हापासून मी कुठल्याही नावाला ‘अवैध’ हा शब्द दाखवत नाही.

याच चुकीचा जुळा भाऊ लेखाचा पत्ता तयार करणाऱ्या फंक्शनमध्ये सापडतो. ‘लेटर नसलेलं सगळं काढ’ असा नियम तिथे असला की ‘मराठी’चं ‘मरठ’ होतं. उपाय तोच, एलबरोबर एम घ्या.

फोन नंबरच्या खान्यातही एक खाच आहे. मराठी कीबोर्डवरून लोक ९८२२ असं देवनागरीत टाइप करतात. जावास्क्रिप्टचा ‘स्लॅश-डी’ देवनागरी आकडे ओळखत नाही आणि नंबर-फंक्शन ‘एनएएन’, म्हणजे ‘हा आकडा नाही’, असं परत देतं. आकडे आधी बदलून घ्या. शून्याचा कोड नेहमीच्या दशमानात २४०६ आहे आणि पुढचे नऊ ओळीने येतात, तेव्हा ‘० ते ९’ या देवनागरी वर्गावर रिप्लेस लावून कोडमधून २४०६ वजा केले की काम झालं. पायथनमध्ये हा त्रास नाही, तिथलं ‘इंट’ देवनागरी आकडे थेट वाचतं.

मुख्य पानावर लेखाची पहिली १०० अक्षरं दाखवतो. काही लेखांच्या शेवटी काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह येतं. मोबाइल ॲपमध्ये तर कधी कधी पूर्ण यादीच रिकामी येते. सर्व्हर पीएचपीचा आहे.
*– कोल्हापूरहून एक वाचक*

ही रिकामी यादी मी ओळखते. एका साप्ताहिकाचं ॲप सुरू होऊन चार दिवस झाले होते आणि रात्री साडेनऊला संपादकांचा फोन आला की पहिलं पान पांढरं दिसतंय. सर्व्हर चालू होता, डेटाबेस चालू होता, एररच्या फाइलीत एक अक्षर नव्हतं. मी एकेक लेख बंद करत गेले. पहाटे कधीतरी सापडलं की एकच लेख बंद केला की यादी परत येते. लेख साधा होता, द्राक्षांवरच्या करप्याबद्दल. त्यात एवढं काय असावं ते मला कळेना.

दोष लेखात नव्हता, तो कापण्यात होता. पीएचपीचं ‘सबस्ट्र’ अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं. युटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक वर्ण ३ बाइटांचा असतो. ‘मराठी’ या शब्दाची ‘स्ट्रलेन’ विचारा, १५ येईल. १०० बाइटांत, मधल्या जागा सोडल्या, तर ३३ वर्ण पुरे बसतात आणि चौतिसाव्याचा एक तृतीयांश तुकडा शिल्लक राहतो. ब्राउझर त्या तुकड्याच्या जागी प्रश्नचिन्ह दाखवतो. ‘जेसन-एनकोड’, म्हणजे ॲपसाठी यादी बांधून देणारं फंक्शन, तेवढंही करत नाही. त्याला एक जरी मोडका बाइट दिसला तरी ते पूर्ण यादीसाठी ‘फॉल्स’ परत देतं, आणि तो फॉल्स कुणी तपासला नाही तर ॲपला रिकामा कागद मिळतो. त्या लेखाच्या शंभराव्या बाइटवर नेमका ‘ष’ आला होता.

पहिला उपाय म्हणजे ‘एमबी-सबस्ट्र’. त्याने वर्ण मोडत नाही. पण मराठीला तेवढं पुरत नाही, कारण ‘पुस्तक’ हा शब्द ‘पुस्’वर तुटू शकतो किंवा ‘की’ची वेलांटी पलीकडे राहून ‘क’ उरू शकतो. इंटल एक्स्टेन्शन असेल तर ‘ग्राफीम-सबस्ट्र’ वापरा, ते वाचकाला दिसणारं अक्षर अखंड ठेवतं. ‘मराठी’ला ‘एमबी-स्ट्रलेन’ ५ म्हणतं, ‘ग्राफीम-स्ट्रलेन’ ३ म्हणतं. शाळेतल्या मुलाला विचाराल तर तोही तीनच म्हणेल.

मी स्वतः शब्द तोडतच नाही. मोजून कापलं की ‘एमबी-स्ट्रआरपॉस’ने मागची शेवटची जागा शोधते, तिथपर्यंत मजकूर घेते आणि पुढे तीन टिंबं देते. ब्राउझरसाठी तर याहून सोपं आहे. मजकूर पुरा पाठवा आणि सीएसएसच्या लाइन-क्लॅम्पला तीन ओळी दाखवायला सांगा, कापायचं काम ब्राउझर करेल.

आणि जेसन-एनकोडला ‘इनव्हॅलिड युटीएफ-८ सब्स्टिट्यूट’ हा पर्याय द्या. तो पीएचपी ७.२ पासून आहे. मोडका बाइट आला तरी एका अक्षराचं नुकसान होईल, यादी जाणार नाही. मात्र त्याला उपचार समजू नका, कापणं दुरुस्त करायचंच आहे.

जावास्क्रिप्टमध्ये मोजायचं असेल तर ‘लेंग्थ’वर विसंबू नका. ‘क्षमा’ची लेंग्थ ५ येते. ‘इंटल-सेगमेंटर’ला भाषा ‘एमआर’ आणि ग्रॅन्युलॅरिटी ‘ग्राफीम’ देऊन मोजा. नव्या ब्राउझरमध्ये उत्तर २ येतं. जुन्यांत ३ येऊ शकतं, कारण जोडाक्षर अखंड धरायचा नियम युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये आला. फायरफॉक्समध्ये सेगमेंटरच २०२४ साली, १२५ व्या आवृत्तीत आलं. म्हणून ‘फक्त ५० अक्षरं’ अशी मर्यादा घालताना थोडी ढिली सोडा.

आमच्या मंडळाच्या साइटवर २०२५ च्या गणेश चतुर्थीची तारीख २७ ऑगस्ट अशी भरली होती. इथे सगळ्यांना २६ दिसत होती. पुण्यातला डेव्हलपर स्क्रीनशॉट पाठवून म्हणायचा, मला तर २७ च दिसते. कोण बरोबर?
*– न्यू जर्सीहून, मराठी मंडळाचे एक कार्यकर्ते*

दोघेही बरोबर आहेत. ‘२०२५-०८-२७’ अशी नुसती तारीख ‘न्यू डेट’ला दिली की जावास्क्रिप्ट ती ग्रिनिचची मध्यरात्र धरतं. पुण्यात तेव्हा पहाटेचे साडेपाच झालेले असतात, तारीख २७ च. न्यू जर्सीत उन्हाळ्याचं घड्याळ ग्रिनिचच्या चार तास मागे असतं, तिथे अजून २६ च्या रात्रीचे आठ वाजलेले असतात. भारतात बसून ही चूक कधीच दिसत नाही, म्हणून ती इतकी टिकते.

सणाची तारीख ही वेळ नसते, तो एक दिवस असतो. तो दाखवताना ‘टू-लोकेल-डेट-स्ट्रिंग’ला ‘टाइमझोन’ हा पर्याय ‘यूटीसी’, म्हणजे ग्रिनिचचं घड्याळ, असा द्या. ज्या घड्याळाने वाचली त्याच घड्याळाने दाखवली की दिवस हलत नाही. पुण्याच्या मित्राला एवढं सांगा: क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये ‘सेन्सर्स’ नावाचं पॅनेल आहे, तिथे सॅन फ्रान्सिस्को निवडून पान पुन्हा उघडायचं. परदेशातल्या मंडळाचं काम घेतलं असेल तर हे रोज करावं.

ग्रंथालयाच्या यादीत ‘ॲ’ने सुरू होणारी पुस्तकं ‘ह’च्याही नंतर, अगदी तळाला जातात.
*– रत्नागिरीहून एक ग्रंथपाल*

नुसतं ‘सॉर्ट’ कोडच्या आकड्यांप्रमाणे लावतं. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. तोवर स्वरांची ओळ भरलेली होती, म्हणून तो मागे ९७२ वर जाऊन बसला. भाषेच्या वर्णक्रमाने लावणाऱ्या ‘इंटल-कोलेटर’ला ‘एमआर’ देऊन ते एकदाच तयार करा आणि त्याचं ‘कंपेअर’ सॉर्टच्या कंसात ठेवा. हजारो पुस्तकं असतील तर प्रत्येक तुलनेला ‘लोकेल-कंपेअर’ बोलवत बसू नका, कोलेटर पुष्कळ वेगाने चालतं. आणि वरच्या कऱ्हाडच्या उत्तरातली तिसरी पायरी आधी चालवा, नाहीतर ‘ॲ’ची पुस्तकं दोन ठिकाणी विभागली जातील.

बचत गटाच्या दुकानाच्या साइटवर ‘एमआर-आयएन’ दिल्यावर किमती १२,३४,५६७ अशा देवनागरीत येतात. लाखाचे स्वल्पविराम छान पडतात, पण बायका म्हणतात आकडे इंग्रजी हवेत.
*– सोलापूरहून एक विद्यार्थिनी*

मराठीसाठी देवनागरी आकडे हे ठरलेलंच आहे. हिंदीला मात्र इंग्रजी आकडे मिळतात, म्हणून हिंदी साइटचं कोड उचललं की गोंधळ होतो. नंबर-फॉरमॅटच्या पर्यायांत ‘नंबरिंग-सिस्टिम’ला ‘लॅटन’ (एल-ए-टी-एन) द्या. स्वल्पविराम लाख-कोटीचेच राहतील. बायकांना विचारलंत हे फार चांगलं केलंत.

डिझायनरने दिलेलं शीर्षक इंग्रजीत देखणं दिसतं. मराठीत शिरोरेषा तुटते आणि वरचे अनुस्वार कापले जातात.
*– ठाण्याहून एक वाचक*

लेटर-स्पेसिंग काढा. इंग्रजी मोठ्या अक्षरांत थोडी मोकळीक शोभते, देवनागरीत तीच मोकळीक शिरोरेषेत फटी पाडते. ‘कोलन-लँग, कंसात एमआर’ या सिलेक्टरखाली तीन गोष्टी कायमच्या लिहून ठेवा: लेटर-स्पेसिंग शून्य, लाइन-हाइट १.७ च्या आसपास, फॉन्ट-सिंथेसिस नन. तिसरी ओळ यासाठी की फॉन्टला तिरकं रूप नसेल तर ब्राउझर सरळ अक्षरंच वाकडी करून दाखवतो, आणि वाकलेली वेलांटी वाचता येत नाही. अनुस्वार कापले जातात ते बहुतेक वेळा लाइन-हाइट १.१ आणि ओव्हरफ्लो हिडन यांच्या जोडीमुळे. ‘सर्वांगीण’सारखा रफार आणि अनुस्वार एकत्र आलेला शब्द घालून बघा, लगेच कळेल.

हा सिलेक्टर चालायला एचटीएमएलच्या पहिल्या टॅगवर लँग ‘एमआर’ हवं. मी पाहते त्यातल्या कितीतरी मराठी साइटवर तिथे ‘ईएन’ असतं, टेम्प्लेटबरोबर आलेलं. त्याने नुसतं सीएसएस हुकत नाही. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये मराठीसाठी वेगळा ‘ल’ आणि ‘श’ ठेवलेला आहे. पान मराठी आहे हे कळलं तरच फॉन्ट आपला पाकळीचा ल आणि देठाचा श काढतो, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडरही याच टॅगवरून कुठल्या आवाजात वाचायचं ते ठरवतो. दोन अक्षरांचं काम आहे, आजच करा.

गिटमध्ये मराठी नावाच्या फाइली उलट्या स्लॅश आणि आकड्यांच्या रांगेसारख्या दिसतात.
*– पुण्याहून एक वाचक*

‘गिट कॉन्फिग, दोन डॅश ग्लोबल, कोअर-डॉट-कोटपाथ, फॉल्स’. एकदाच.

वडिलांनी २२ वर्षं दिवाळी अंक काढला. फाइली पेजमेकरच्या आहेत, जुन्या फॉन्टमधल्या. ब्राउझरमध्ये टाकल्या की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. सगळं पुन्हा टाइप करून घ्यावं का?
*– अमरावतीहून एक वाचक*

नाही. मजकूर शाबूत आहे, त्याची किल्ली तेवढी शोधायची आहे.

युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरीचा तुकडा बसवलेला असे. फाइलीत साठलेलं असतं ते इंग्रजी अक्षरच. प्रत्येक फॉन्टची बसवणूक वेगळी, त्यामुळे श्रीलिपीची किल्ली कृतिदेवला चालत नाही आणि शिवाजीची दोघांनाही नाही. म्हणून पहिलं काम एकच: कुठल्या वर्षीच्या अंकाला कुठला फॉन्ट, नंबरासकट, याची यादी. त्या वेळचे डीटीपीवाले हयात असतील तर त्यांना भेटा. दोन तास बसा, चहा घ्या. पुढचे दोन महिने वाचतील.

परिवर्तक म्हणजे अक्षराला अक्षर बदलणारा तक्ता, असं वाटतं. खरं काम क्रम बदलण्याचं असतं. कृतिदेव ०१० चं उदाहरण घ्या. तिथे ‘कि’ लिहायला आधी एफ आणि मग डी दाबावा लागे, कारण कागदावर पहिली वेलांटी आधी दिसते. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे आधी क, मग वेलांटी. ‘स्थिती’मध्ये तर त्या पहिल्या वेलांटीला अर्धा स आणि थ असे दोन उंबरे ओलांडून पलीकडे जायचं असतं. रफार उलटा. ‘कर्म’ हा शब्द तिथे डी, ई आणि मोठा झेड असा साठतो: क, म, मग वरचा रफार. युनिकोडला क, र, हलन्त, म असं हवं. रफाराला मागे यायचं आहे. ‘सर्वांना’मध्ये तर काना ओलांडून ‘व’च्याही मागे. फुकट मिळणारे परिवर्तक बहुतेक इथेच ठेचकाळतात.

म्हणून असं करा. मूळ फाइलींच्या दोन प्रती, त्यातली एक घराबाहेर. मग एका अंकातले तीन परिच्छेद निवडा, एक गद्य, एक कविता, एक अनुक्रमणिका. ते बदलून पाहा. बदललेल्या मजकुरावर ही तपासणी चालवा: शब्दाच्या सुरुवातीलाच काना-मात्रा किंवा हलन्त आहे का, म्हणजे जागेनंतर लगेच ९३ई ते ९४डी या पट्ट्यातलं चिन्ह, आणि दोन मात्रा एकापाठोपाठ आल्या आहेत का. मराठीत या दोन्ही गोष्टी होत नाहीत, तेव्हा सापडेल ती प्रत्येक जागा चुकीची. पानावरही त्या ओळखू येतात, कारण ब्राउझर तिथे टिंबांचं वर्तुळ काढून त्याला मात्रा लटकवतो. तक्ता दुरुस्त करा, पुन्हा चालवा. सापडणाऱ्या जागा शून्य झाल्या की पुढचा अंक घ्या.

तरीही शेवटी एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने छापील अंकात बोट ठेवून पाहायचं. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला फरक कुठलीही तपासणी पकडणार नाही. एका ग्रंथालयासाठी आम्ही हे केलं तेव्हा वाचायला एक निवृत्त मुद्रितशोधक बसत. चष्मा कपाळावर सारून ते मजकूर डोळ्यांजवळ धरत आणि चूक सापडली की आधी ते वाक्य पुरं वाचत, मग चूक सांगत. त्यांनी शोधलेल्या चुकांवरून मी तक्त्यात दुरुस्त्या केल्या. त्या आजही माझ्या परिवर्तकात आहेत.

मी शेवटच्या वर्षाला आहे. मराठी साइटची पहिली नोकरी लागली आहे. पहिल्या दिवशी काय तयार ठेवू?
*– लातूरहून एक विद्यार्थी*

अभिनंदन. एक फोल्डर करा आणि त्यात तीन फाइली ठेवा.

पहिलीत फंक्शन्स: शोधाची चाळणी, आकड्यांचा बदल, अक्षरं मोजणं, शब्दावर कापणं. चारही मिळून एका पानात मावतात. प्रत्येक प्रकल्पात तीच फाइल न्या, दर वेळी नव्याने लिहू नका. दुसरीत ‘कोलन-लँग एमआर’ खालचं सीएसएस.

तिसरी फाइल शब्दांची. माझ्या फाइलीत कऱ्हाड, दऱ्या, दर्या, ॲप, ऑक्टोबर, क्षमा, ज्ञानेश्वरी, स्त्री, हृदय, सर्वांगीण, कीर्ती, वाङ्मय, उद्‌घाटन आणि १२,३४,५६७ असे शब्द आहेत. कऱ्हाड दोनदा आहे, दोन्ही रूपांत. ‘ॲप’ तीनदा. ‘उद्‌घाटन’मध्ये २००सी मुद्दाम ठेवला आहे. नवा फॉर्म, नवा शोध, नवं कार्ड, काहीही बांधलं की हे शब्द त्यातून जातात. तुमचा एडिटर या न दिसणाऱ्या चिन्हांभोवती पिवळी चौकट काढेल. व्हीएस कोडमध्ये हे ‘युनिकोड हायलाइट’ या नावाखाली सापडतं. त्या फाइलीपुरतं ते बंद ठेवा.

नव्या फॉन्टची कापलेली, म्हणजे लागतील तेवढीच चिन्हं ठेवलेली, प्रत वापरणार असाल तर युनिकोड-रेंजमध्ये ९०० ते ९७एफ बरोबर २००सी, २००डी, २०बी९ आणि २५सीसी घ्यायला विसरू नका. २०बी९ म्हणजे रुपयाचं चिन्ह, २५सीसी म्हणजे ते टिंबांचं वर्तुळ. २००डी वगळला तर दुसऱ्या रूपातला कऱ्हाड मोडून दिसेल, आणि तो नेमका तुमच्या शब्दांच्या फाइलीत असल्यामुळे पहिल्याच दिवशी दिसेल.